विश्लेषण : परीक्षा संपली, टॅब कपाटात गेला... तोच टॅब लॅपटॉपचा दुसरा मॉनिटर होऊ शकतो का?

अकरावीत हातात आलेला टॅब बारावीनंतर काय करतो? भंडारा जिल्ह्यातल्या अनेक घरांत या प्रश्नाचं उत्तर सारखंच मिळेल. आधी दोन वर्षं त्यावर नीट, जेईई, सीईटीची तयारी होते. मग परीक्षा होते, निकाल लागतो, प्रवेशाची धावपळ सुरू होते. टॅब धाकट्या भावंडाच्या हातात कार्टून बघायला जातो किंवा कपाटात, जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसतो.

त्याच वेळी घरात एक लॅपटॉप येतो. बहुतेकदा जुना, सेकंडहँड, १४ किंवा १५.६ इंची. पॉलिटेक्निक, अभियांत्रिकी, बीसीए, स्पर्धा परीक्षा किंवा टायपिंगचा सराव असं काहीतरी त्यावर चालू असतं. आणि मग अडचण सुरू होते. एका खिडकीत व्हिडिओ, दुसऱ्या खिडकीत वही, तिसरीत प्रश्नपत्रिका. सतत खिडक्या बदलत राहायचं.

कपाटातला टॅब या लॅपटॉपच्या शेजारी उभा करून त्याचा दुसरा मॉनिटर करता येतो का? येतो. पण कसा, कुठल्या टॅबवर, कशासाठी आणि कुठे तो खटाटोप निरर्थक ठरतो, हे आधी समजून घेतलेलं बरं.

हे टॅब आले कुठून?

नागपूरला मुख्यालय असलेली ‘महाज्योती’, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, ही राज्य सरकारच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या अखत्यारीतली संस्था. २०१९ मध्ये ती स्थापन झाली. ओबीसी, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, नॉन क्रिमिलेअर गटातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीसाठी ऑनलाइन प्रशिक्षण देणं ही तिची एक मोठी योजना. दहावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या, निवड झालेल्या विद्यार्थ्याला या योजनेत मोफत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा दिला गेला.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यासाठी याचा अर्थ मोठा होता. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ आणि त्यातले सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहणारे. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर असे सात तालुके. धानाची शेती हा मुख्य आधार. नागपूरला खोली करून क्लास लावणं प्रत्येकाला परवडत नाही. त्या मुलांसाठी टॅब हीच शिकवणी होती.

सरकारनं विद्यार्थ्यांच्या हातात टॅब देण्याची कल्पना मात्र नवी नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ हा सात इंची टॅब आणला होता. डेटाविंड कंपनीनं बनवलेला. त्याच्या किमतीचीच चर्चा खूप झाली, वेगाबद्दल तक्रारी आल्या आणि काही वर्षांत तो विस्मरणात गेला. हरियाणानं मे २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना टॅब वाटायला सुरुवात केली, पण शिक्षण संपल्यावर टॅब शाळेत परत करण्याची अट घातली. म्हणजे अभ्यासक्रम संपल्यावर यंत्राचं काय, हा प्रश्न तिथे निदान विचारला तरी गेला.

‘दुसरा मॉनिटर’ म्हणजे नेमकं काय?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे आरसा, दुसरी म्हणजे विस्तार.

लॅपटॉपवर जे दिसतं तेच टॅबवर दिसलं, तर तो आरसा. विंडोजमध्ये याला ‘डुप्लिकेट’ म्हणतात. समोर बसलेल्या माणसाला काही दाखवायचं असेल तर याचा उपयोग. पण त्यानं जागा वाढत नाही.

‘एक्स्टेंड’ म्हणजे विस्तार. यात लॅपटॉपचा पडदा जणू टॅबपर्यंत लांबतो. माउसचा बाण लॅपटॉपच्या उजव्या कडेवरून पुढे सरकवला की थेट टॅबवर उतरतो. एखादी खिडकी ओढून टॅबवर नेऊन ठेवता येते. टॅबवर पीडीएफ, लॅपटॉपवर टायपिंग, असं काम दोन पडद्यांवर वाटलं जातं. लोकांना हवा असतो तो बहुधा हा दुसरा प्रकार.

विंडोजच्या कळीबरोबर ‘पी’ दाबलं की हे पर्याय समोर येतात. पण टॅब जोडल्याबरोबर तो तिथे मॉनिटर म्हणून उगवत नाही. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

केबल लावली तरी चित्र का येत नाही?

बहुतेकांचा पहिला प्रयत्न केबलचा असतो. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे, टॅबला टाइप-सी आहे, मग बाजारातून एचडीएमआय ते टाइप-सी केबल आणायची आणि जोडायची. पैसे जातात, चित्र येत नाही.

कारण साधं आहे. लॅपटॉपचं एचडीएमआय हे चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं. टॅबचं टाइप-सी हे चार्जिंग आणि फायलींसाठी, आणि काही महाग टॅबमध्ये चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं. चित्र आत घेण्याची सोय बहुतांश टॅबमध्ये बनवतानाच दिलेली नसते. दोन नळांची तोंडं एकमेकांना जोडली म्हणून हंडा भरत नाही, तसंच हे.

याला अपवाद थोडे आहेत. लेनोव्होच्या योगा टॅब १३ सारख्या मोजक्या टॅबला चित्र आत घेणारं एचडीएमआय होतं. दुसरा मार्ग एचडीएमआय कॅप्चर कार्डचा. ही पेनड्राइव्हएवढी डबी लॅपटॉपचं चित्र ‘यूएसबी कॅमेरा’ असल्यासारखं टॅबला देते आणि टॅबवरचं कॅमेरा ॲप ते दाखवतं. टाइप-सी असलेल्या आयपॅडवर ही सोय २०२३ च्या आयपॅडओएस १७ पासून आली. अँड्रॉइड टॅबवर ती चालेल की नाही, हे टॅब ओटीजी आणि असे बाहेरचे कॅमेरे ओळखतो का, यावर अवलंबून आहे.

पण वाटपात मिळालेल्या साध्या अँड्रॉइड टॅबसाठी व्यवहार्य मार्ग एकच, ॲपचा.

मग ॲप नेमकं करतं काय?

ॲपची युक्ती समजली की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप समजतात.

१. लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम बसवला जातो. तो विंडोजला सांगतो, ‘आणखी एक मॉनिटर जोडलेला आहे.’ प्रत्यक्षात तिथे काहीच नसतं. विंडोज मात्र विश्वास ठेवतं आणि त्या काल्पनिक मॉनिटरसाठी चित्र तयार करू लागतं.

२. हे चित्र व्हिडिओसारखं दाबून लहान केलं जातं.

३. ते वायफायवरून किंवा यूएसबी केबलवरून टॅबकडे जातं.

४. टॅबवरचं ॲप ते उलगडून दाखवतं. टॅबला बोट लावलं तर तो स्पर्श माउसच्या क्लिकसारखा लॅपटॉपकडे परत जातो.

म्हणजे टॅब इथे व्हिडिओ बघणारा पडदा आहे. चित्र तयार करण्याचं आणि दाबण्याचं जास्तीचं काम लॅपटॉपला करावं लागतं. म्हणूनच जुन्या, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पंखा घरघरू लागतो आणि बाण थोडा मागे मागे येतो. दोष टॅबचाच असेल असं नाही.

कुठल्या टॅबला कुठला मार्ग?

विंडोज लॅपटॉप आणि साधा अँड्रॉइड टॅब या जोडीसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं नाव म्हणजे स्पेसडेस्क. लॅपटॉपवर त्याचा ड्रायव्हर, टॅबवर त्याचं ॲप. खासगी वापरासाठी ते मोफत आहे. व्यवसायासाठी वापरायचं असेल तर परवान्याच्या अटी वेगळ्या आहेत, हे दुकान किंवा केंद्र चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सुपरडिस्प्ले हे दुसरं ॲप पैसे देऊन घ्यावं लागतं. केबलवरचा त्याचा वेग आणि पेनची सोय यामुळे चित्र काढणारे ते वापरतात.

ड्युएट डिस्प्ले हे या क्षेत्रातलं जुनं नाव. ॲपलमध्ये काम केलेल्या एका अभियंत्यानं ते २०१४ मध्ये आणलं. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, खुद्द ॲपलनं ‘साइडकार’ ही सोय मॅकमध्येच दिली. मॅक आणि आयपॅड एकाच ॲपल खात्यावर असतील आणि दोन्ही पुरेसे नवे असतील, तर वेगळं काही बसवावं लागत नाही. अर्थात ही जोडी असलेलं घर वाटपाच्या टॅबवर अवलंबून नसतं.

सॅमसंगनं २०२१ मध्ये टॅब एस७ पासून ‘सेकंड स्क्रीन’ नावाची सोय दिली. विंडोजची कळ आणि ‘के’ दाबून लॅपटॉप थेट टॅबला जोडता येतो. टॅबचा वरचा पडदा खाली ओढल्यावर त्या नावाचं बटण दिसलं, तर आधी तेच वापरून पाहावं.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी डेस्करीन आणि वेलस हे मुक्त स्रोत पर्याय आहेत. ते टॅबच्या ब्राउजरमध्येच चित्र दाखवतात.

स्पेसडेस्कची जोडणी साधारण अशी होते :

- ड्रायव्हर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा, टॅबवरचं ॲप प्ले स्टोअरवरून.
- दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असावीत.
- टॅबवर ॲप उघडलं की लॅपटॉपचं नाव दिसतं. त्यावर टिचकी मारावी.
- नाव दिसत नसेल तर विंडोजच्या फायरवॉलनं अडवलेलं असण्याची शक्यता मोठी. खासगी नेटवर्कसाठी परवानगी द्यावी.
- विंडोज आणि ‘पी’ दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावं.
- डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात. टॅब ज्या बाजूला ठेवला आहे त्याच बाजूला त्याचा चौकोन ओढावा. नाहीतर बाण उजवीकडे जाण्याऐवजी भिंतीला अडतो.
- अक्षरं बारीक दिसली तर त्या पडद्याचं ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावं.

नेट लागतं का? डेटा जातो का?

ग्रामीण भागात पहिला प्रश्न हाच येतो. घरी ब्रॉडबँड नाही, मग वायफाय आणायचं कुठून?

ॲप उतरवून घेताना नेट लागतं. त्यानंतर लॅपटॉपकडून टॅबकडे जाणारं चित्र घरातल्या घरातच फिरतं. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप आणि टॅब दोन्ही त्याला जोडले तरी काम होतं. चित्रासाठी मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. फोनचा डेटा बंद ठेवला तरी जोडणी चालू शकते. मात्र डेटा चालू असेल तर लॅपटॉप संधी साधून विंडोजचे अपडेट उतरवायला लागतो आणि दिवसाचा कोटा तासाभरात संपतो. दोष मग टॅबला लागतो.

टॅबमध्ये सिम असेल तर आणखी एक सोय आहे. टॅब यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि टॅबवर ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करायचं. त्या एकाच केबलवरून लॅपटॉपला नेटही मिळतं आणि टॅबकडे चित्रही जातं. वायफायपेक्षा चित्र स्थिर राहतं. ज्या खोलीत वायफाय तुटक चालतं, तिथे केबल हाच भरवशाचा मार्ग.

वीज गेल्यावर काय, हाही प्रश्न असतोच. साधा २२ इंची मॉनिटर वीस-पंचवीस वॉट वीज घेतो आणि वीज गेली की बंद पडतो. लॅपटॉप आणि टॅब दोघांना स्वतःची बॅटरी आहे. तासाभराचा खंड पडला तरी काम थांबत नाही. ही या जोडीची सर्वात मोठी, पण कमी बोलली जाणारी जमेची बाजू.

आकाराचं गणित काय सांगतं?

इथे थोडं थांबून हिशेब करायला हवा. पडद्याचा आकार तिरका मोजतात, त्यामुळे आकडे फसवतात.

१५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस सेंटिमीटर भरतं. ८.७ इंची टॅबचं सुमारे २१५. म्हणजे लॅपटॉपच्या एक तृतीयांश. १०.५ इंची टॅबचं सुमारे ३२०, म्हणजे निम्म्याच्या आसपास. २२ इंची मॉनिटरचं सुमारे १,३३०. म्हणजे छोटा टॅब हा खऱ्या मॉनिटरचा जेमतेम सहावा हिस्सा.

आता एक ए-४ आकाराचं पान टॅबवर उभं दाखवायचं आहे असं समजू. पानाची रुंदी २१ सेंटिमीटर. उभ्या धरलेल्या ८.७ इंची टॅबची रुंदी ११.४ सेंटिमीटर. पान निम्म्याहून थोडं मोठं दिसणार. छापील १२ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटएवढं होणार. औषधाच्या चिठ्ठीवरची बारीक सूचना वाचल्यासारखं ते वाटतं. सातबारासारख्या रकाने भरलेल्या कागदाचं तर विचारूच नये.

म्हणून छोट्या टॅबवर काय ठेवायचं, हे निवडावं लागतं. व्हिडिओ लेक्चर, मेसेज, कॅल्क्युलेटर, शब्दकोश, मोठ्या अक्षरातला उतारा हे चालतं. मोठी एक्सेल शीट, नकाशा, कॅडचं रेखाटन हे चालत नाही. त्यांना लॅपटॉपचाच पडदा द्यावा आणि बाकीचं टॅबवर ढकलावं.

दोन पडद्यांनी काम खरंच वेगानं होतं का?

समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ छातीठोकपणे ‘हो’ म्हणतात. या दाव्यामागे अनेकदा अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या २००३ च्या अभ्यासाचा हवाला असतो. अनेक पडदे वापरणाऱ्यांचं काम लवकर झालं आणि चुका कमी झाल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. पण दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक, त्या अभ्यासाला मॉनिटर बनवणाऱ्या एनईसी कंपनीचं पाठबळ होतं. दोन, तिथले पडदे पूर्ण आकाराचे मॉनिटर होते, आठ इंची टॅब नव्हते.

म्हणून निष्कर्ष थोडा सावधपणे काढावा लागतो. ज्या कामात एक कागद बघून दुसरीकडे लिहायचं असतं, तिथे फायदा नक्की होतो, कारण खिडक्या बदलताना डोळ्यांपुढची ओळ हरवत नाही. ज्या कामात एकाच गोष्टीवर लक्ष लागतं, उदाहरणार्थ वाचन किंवा गणितं सोडवणं, तिथे दुसरा पडदा लक्ष विचलित करण्याचंच काम करतो. त्यावर रील सुरू झाली की अभ्यास संपला.

भंडाऱ्यात याचा उपयोग कुणाला?

*टायपिंगचा सराव करणाऱ्यांना.* लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० शब्द प्रतिमिनिट किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तासन्‌तास उतारे टंकावे लागतात. उतारा टॅबवर आणि टंकन लॅपटॉपवर, ही रचना सरावाला सोयीची.

पण इथे एक साधी गोष्ट विसरली जाते. उतारा टॅबमध्येच पीडीएफ म्हणून उघडला तर? ना ड्रायव्हर, ना वायफाय, ना लॅपटॉपवर ताण. टॅब स्वतः एक पूर्ण संगणक आहे. केवळ वाचायचंच असेल तर त्याला मॉनिटर बनवण्याची गरजच नाही. लॅपटॉपवरची खिडकी तिकडे ओढायची असेल, दोन्हीकडून कॉपी-पेस्ट करायचं असेल, एकच माउस दोन्हीकडे फिरवायचा असेल, तरच हा खटाटोप सार्थकी लागतो. निम्म्या लोकांचं काम टॅब शेजारी उभा करून भागेल.

*प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना.* एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला त्याचा परिणाम. इथे विस्ताराचा खरा उपयोग आहे, कारण दोन्ही खिडक्या एकाच संगणकावरच्या आहेत.

*सेवा केंद्रांना.* हा उपयोग सर्वात कमी चर्चेतला आणि कदाचित सर्वात महत्त्वाचा. आपले सरकार सेवा केंद्रावर किंवा सीएससीवर अर्ज भरताना चालक पडद्याकडे बघतो आणि अर्जदार पडद्याच्या पाठीकडे. नावातलं एक अक्षर चुकतं, खातेक्रमांकाचा एक आकडा उलटतो. पुढे पैसे अडकतात. शेतकरी ओळख क्रमांक असो की धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी, आधार, सातबारा आणि बँक पासबुक या तिन्हींवरचं नाव जुळलं पाहिजे. न जुळल्याची शिक्षा भोगतो तो अर्जदार. चुकीची दुरुस्ती करायला पुन्हा मजुरी बुडवून तालुक्याला यावं लागतं.

अशा ठिकाणी एक जुना टॅब अर्जदाराकडे तोंड करून ठेवला आणि ‘डुप्लिकेट’ केला, तर टंकलेलं प्रत्येक अक्षर त्याला दिसतं. ‘दादा, माझ्या नावात दीर्घ ई आहे’ हे तो ‘सबमिट’ दाबण्याआधी सांगू शकतो. बँकेच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर ग्राहकाकडे वळवलेला छोटा पडदा याच कारणासाठी असतो. सहावा हिस्सा आकाराचा पडदा इथे पुरतो, कारण बघायचं असतं ते एक नाव आणि एक क्रमांक.

मात्र तोच पडदा मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसतो. आधार क्रमांक, खातेक्रमांक, मोबाइल नंबर उघड्यावर येऊ नयेत म्हणून टॅब अर्जदाराच्या अगदी जवळ आणि तिरका ठेवणं, दोन अर्जांच्या मध्ये पडदा रिकामा करणं, ही काळजी केंद्रचालकाला घ्यावी लागेल.

*कुणी वापरू नये?* घरी बसून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली ऑनलाइन परीक्षा देणाऱ्यांनी. अशा परीक्षांत दुसरा डिस्प्ले जोडलेला असणं हाच गैरप्रकार धरला जाऊ शकतो. काही परीक्षा-सॉफ्टवेअर तर तो दिसताच सुरूच होत नाहीत. परीक्षेआधी टॅब काढून ठेवावा आणि ॲपचा ड्रायव्हरही बंद करावा.

धोके कोणते?

पहिला धोका फसवणुकीचा. ‘टॅब जोडून देतो’ म्हणून कुणी फोनवरून मदत करू लागतं आणि एनीडेस्कसारखं दूरनियंत्रण ॲप टाकायला सांगतं. या ॲपचा कोड दिला की संपूर्ण यंत्र समोरच्याच्या ताब्यात जातं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच याबाबत इशारा दिला होता. टॅबला मॉनिटर करण्यासाठी कुठलाही ओटीपी, कोड किंवा बँकेचा तपशील लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवावा.

दुसरा धोका जुन्या विंडोजचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक संगणकांसाठी वाढीव सुरक्षेची मुदत नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्यात आली. आधार संपलेल्या संगणकावर कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवणं म्हणजे दाराची कडी काढून झोपणं. ड्रायव्हर हा संगणकाच्या अगदी आतल्या थरात काम करतो, हे विसरू नये.

तिसरा धोका बॅटरीचा. मॉनिटर म्हणून वापरताना टॅब तासन्‌तास पूर्ण उजेडात सुरू राहतो. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबीतून अडीच वॉटच वीज मिळते, म्हणून केबल लावूनही बॅटरी हळूहळू उतरते. उलट भिंतीवरच्या चार्जरला कायम लावून ठेवलं तर ती तापते. विदर्भातला मे महिना आणि वर पत्र्याचं छप्पर असेल तर उष्णता दुप्पट. बॅटरी चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवणं, उजेड कमी ठेवणं आणि टॅब स्टँडवर उभा करून मागून हवा खेळती ठेवणं, एवढं पाळलं तर पुरे. टॅबची पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा कडेनं उचललेला दिसला, तर वापर तिथेच थांबवावा. तो टॅब पुन्हा चार्जिंगला लावू नये.

चौथी गोष्ट धोका नव्हे, अट आहे. योजनेतून मिळालेल्या टॅबवर काही वेळा व्यवस्थापनाचं कुलूप असतं आणि ठरावीक ॲपच चालतात. टॅब घेताना सही केलेल्या कागदावर काय लिहिलं होतं, तो कायमचा मिळाला की परत करायचा आहे, हे आधी पाहावं. कुलूप तोडून देणाऱ्या दुकानदाराकडे जाणं जोखमीचं. त्यात टॅब निकामी होऊ शकतो.

यासाठी नवा टॅब घ्यावा का?

नाही. नवा बरा टॅब दहा हजारांच्या पुढे जातो. साधा २२ इंची मॉनिटर साधारण सहा ते आठ हजारांत येतो, सहापट मोठा असतो, त्याला ना ॲप लागतं ना वायफाय. केबल लावली की झालं. टॅबचा मॉनिटर हा ‘घरात आहे म्हणून’ करायचा उपाय आहे, विकत घेऊन करायचा नव्हे. प्रवासात, वसतिगृहाच्या छोट्या टेबलावर किंवा वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी टॅब सरस ठरतो. बाकी सगळीकडे मॉनिटर.

मूळ प्रश्न : टॅबचं दुसरं आयुष्य

२०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा करून पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टॅबचाही समावेश आहे आणि त्याची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी ठरवली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं. कागदावर साखळी पूर्ण आहे. पण लाखांदूरच्या एखाद्या गावातला बंद पडलेला टॅब त्या साखळीत शिरणार कुठून? जवळच्या मोबाइल दुकानात बॅटरी मिळत नाही, गोळा करणारं केंद्र ओळखीचं नसतं. टॅब भंगारवाल्याकडे किलोच्या भावानं जातो.

सरकारी योजनेचं यश किती टॅब वाटले यावर मोजलं जातं. तीन वर्षांनी त्यातले किती चालू आहेत आणि कशासाठी, हे मोजण्याची पद्धत रूढ झालेली नाही. खरं तर दोन वर्षं वापरलेल्या टॅबचा पडदा अजून ठणठणीत असतो. नव्या ॲपसाठी तो मंद झालेला असेल, पण पडदा म्हणून पाच वर्षं सहज टिकेल. वाटपाच्या वेळी दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात ‘अभ्यासक्रम संपल्यावर हा टॅब असा वापरा’ असं एक पान असतं, कुलूप काढून देण्याची रीतसर सोय जिल्हा पातळीवर असती, तर जनतेच्या पैशातून आलेल्या या यंत्राचं आयुष्य वाढलं असतं. यासाठी मोठा निधीही लागत नाही.

थोडक्यात

टॅब हा दुसरा मॉनिटर होऊ शकतो, पण केबलनं थेट नव्हे, ॲपच्या मदतीनं. चित्रासाठी मोबाइल डेटा लागत नाही, हॉटस्पॉट किंवा यूएसबी टेदरिंग पुरतं. आठ-नऊ इंची टॅबवर पूर्ण पान वाचणं कठीण, पण व्हिडिओ, उतारा, एक नाव, एक क्रमांक दाखवायला तो पुरेसा. नुसतं वाचायचं असेल तर जोडण्याचीही गरज नाही. आणि यासाठी नवा टॅब घेऊ नये.

कपाटातल्या टॅबचा चार्जर मात्र आधी शोधावा लागेल. बऱ्याच घरांत तो केव्हाच कुणाच्या तरी मोबाइलला लागलेला असतो.